पाळणाघर चालवताय? मग आधी कागद करा!

जुलै २०१८ मधली ती संध्याकाळ मला अजून आठवते. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलेलं, वसई-विरारच्या गाड्या बंद आणि आमच्या शेजारच्या वहिनींच्या पाळणाघरात दोन वर्षांची एक चिमुरडी दाराकडे डोळे लावून बसलेली. आई मुंबईतच अडकली होती. रात्री आठच्या सुमाराला एक गृहस्थ आले. "मी हिचा मामा. हिला न्यायला आलोय."

वहिनींनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आईचा फोन लागेना. मूल द्यावं तरी पंचाईत, न द्यावं तरी पंचाईत! वहिनींनी दिलं नाही. अकरा वाजता आईशी बोलणं झालं. मामा खरेच होते. पण "माझ्या भावाला तुम्ही दारातून परत पाठवलंत" हे त्या बाईंच्या मनात राहिलं ते राहिलंच. महिनाअखेरीला मूल बंद झालं आणि अर्ध्या महिन्याचे पैसेही बुडाले.

चूक कोणाची? मला विचाराल तर दोघींचीही नाही. 'मुलीला न्यायला कोणकोण येऊ शकेल' हा साधा प्रश्न पहिल्या दिवशी कोणी कागदावर मांडला नव्हता, एवढंच.

मैत्रिणींनो, आपल्या वसई-विरारमध्ये घरगुती पाळणाघरांची गरज किती आहे हे मी सांगायला नको. विरारहून चर्चगेट म्हणजे साठ किलोमीटर. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, असं २०१७ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने ठरलं खरं, पण सकाळच्या लोकलच्या गर्दीत तान्ह्या मुलाला घेऊन कोण चढणार? म्हणून मूल राहतं ते शेजारच्या काकूंकडे, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या ताईंकडे. आणि तिथेच आपली भीड आडवी येते. "ओळखीचीच माणसं, त्यांच्याकडून सही काय घ्यायची?" पण भीड भिकेची बहीण, हे आपल्या आज्या उगाच म्हणत नसत.

मूल सांभाळणं हे फावल्या वेळचं काम नव्हे, तो अभ्यासाचा विषय आहे, हे आपल्याच भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवून दिलं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी हे काम केलं. मग आपण तरी आपल्या कामाला 'बसल्या बसल्या चार पैसे' असं का म्हणावं?

१८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे तोंडी ठरलेलाही करारच असतो, पण वाद झाला की 'मी असं म्हटलंच नव्हतं' यावर गाडी अडते. म्हणून दोन प्रती करा, दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्या, एकेक आपापल्याकडे ठेवा. साध्या कागदावर लिहिलं तरी निम्मे गैरसमज टळतात. रीतसर मुद्रांकावर करायचं असेल, तर पूर्वी जिथे १०० रुपयांचा लागे तिथे महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो, हे लक्षात असू द्या.

आता कागदात काय लिहायचं ते पाहू.

वेळ आणि पैसे : मूल किती वाजता येणार, किती वाजता जाणार, महिन्याची फी कोणत्या तारखेला, मूल आठ दिवस गावी गेलं तर फी कापायची की नाही, बंद करायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. उशीर झाला तर तासाला किती, हेही लिहा. मात्र गाड्या बंद पडल्या तर त्या दिवशी दंड नाही, अशी एक ओळ जरूर घाला. ती आई मुद्दाम उशीर करत नसते.

न्यायला कोण येणार : आईवडील सोडून दोन-तीन माणसांची नावं, फोन आणि फोटो. यादीत नसलेल्या माणसाकडे, तो सख्खा मामा असला तरी, आईवडिलांशी बोलल्याशिवाय मूल द्यायचं नाही.

आजारपण : ताप, उलट्या, अंगावर पुरळ असेल तर मूल घरीच. औषध द्यायचं ते डॉक्टरांची चिठ्ठी आणि आईची लेखी वेळ असेल तरच. लसीकरणाच्या कार्डाची प्रत, ॲलर्जीची नोंद, डॉक्टरांचा फोन एकाच फाइलीत. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर भिंतीवर लावा आणि 'गरज पडल्यास आमची वाट न बघता दवाखान्यात न्यावे' अशी संमती घेऊन ठेवा.

खाणं : डबा घरचा की तुमचा? आपल्याकडे एका घरात बोंबील तर शेजारच्या घरात कांदासुद्धा चालत नाही, तेव्हा आधीच विचारलेलं बरं. लहानग्यांना अख्खे शेंगदाणे-फुटाणे नकोत, घशात अडकतात. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको.

सुट्ट्या : गणपती, दिवाळी, ईद, नाताळ. वर्षाची यादी जानेवारीतच द्या, म्हणजे आयांना रजेची सोय करता येते.

फोटो : मुलांचे फोटो कोणाला पाठवायचे, कुठे टाकायचे नाहीत, हे आता लिहिलंच पाहिजे.

काहीजणी लिहितात, 'काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही.' असं लिहून निष्काळजीपणाची जबाबदारी सुटत नाही. उलट आईच्या मनात पाल मात्र चुकचुकते. त्यापेक्षा आपण काय काळजी घेणार ते लिहा : गॅलरीला जाळी, स्वयंपाकघराला आडवी फळी, किती मुलांपेक्षा जास्त घेणार नाही, घरात आणखी कोणकोण असतं. आणि सोसायटीत राहत असाल तर कमिटीची लेखी परवानगी आधी घ्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढा कागद पुढे केला तर येणारी आई बिचकून परत जाईल. वहिनींनाही तेच वाटायचं. त्या मामा-प्रकरणानंतर आम्ही दोघींनी एका दुपारी बसून दोन पानं लिहून काढली. पहिल्याच आईने ती शांतपणे वाचली आणि म्हणाली, "बरं झालं ताई, हे सगळं मलाच विचारायचं होतं, धीर होत नव्हता."

पुढच्या एका पावसाळ्यात पुन्हा गाड्या अडकल्या. रात्री नऊला एक आजीबाई छत्री मिटत दारात उभ्या राहिल्या. वहिनींनी फाइल उघडली, फोटो पाहिला आणि हसून म्हणाल्या, "या आजी, आत या. ती जेवलीय, आता झोपेला आलीय."