वापसा चुकत नाही, मग विमा का राहतो?

मृगाचा पाऊस पुरेसा पडून रानाला वापसा आला, की परभणी जिल्ह्यातल्या पालम तालुक्यात कुणी घरात बसून राहत नाही. बियाण्या-खताची पोती आदल्या रात्रीच बांधावर पोचलेली असतात, मजुरांना निरोप गेलेले असतात आणि उजाडायच्या आत तिफण नाहीतर ट्रॅक्टर रानात असतो. हाच शेतकरी त्याच हंगामात पीकविम्याचा अर्ज 31 जुलैची मुदत अगदी तोंडावर येईपर्यंत भरत नाही. आपल्याच रानात उभे राहून मोबाइलवर फोटो काढायचा एवढीच ई-पीक पाहणी, तीही मुदत सरत येईपर्यंत रेंगाळते. माती परीक्षणाचा विचार तर दर उन्हाळ्यात होतो आणि दर पावसाळ्यात मागे पडतो. याला आळस म्हणता येणार नाही. उन्हातान्हात दिवसभर राबणाऱ्या माणसाला अर्ध्या तासाचा अर्ज जड जातो, तेव्हा कारण त्याच्या स्वभावात शोधण्याआधी त्या कामात शोधले पाहिजे. वापशाच्या कामाला ठरलेला दिवस आहे, ते चुकले तर नुकसान डोळ्यांसमोर दिसते, आणि शेजारच्या रानात पेरणी सुरू झालेली असते. विम्याच्या अर्जात यातले काहीच नाही. त्रास आजचा आणि हमखास. फायदा पुढच्या कधीतरीचा, तोही नुकसान झाले तरच.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1991 साली चालढकलीवर लिहिलेल्या निबंधात स्वतःचाच अनुभव मांडला आहे, आणि तो भारतातला आहे. ते येथे वर्षभर राहत असताना त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ कपड्यांचे एक खोके त्यांच्याकडे ठेवून अमेरिकेला परतले. ते खोके टपालाने पाठवायचे होते. अकरलॉफ आठ महिन्यांहून अधिक काळ रोज सकाळी ठरवत, की उद्या नक्की पाठवायचे. पुढे या दोघांनाही 2001चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणजे बुद्धीची किंवा उमेदीची कमतरता हे काही त्या खोक्याचे कारण नव्हते. अकरलॉफ यांचे निरीक्षण असे, की आजचा त्रास आपल्याला त्याच्या खऱ्या मापापेक्षा मोठा दिसतो आणि एका दिवसाच्या उशिराचे नुकसान नगण्य वाटते. दोन्ही हिशोब त्या-त्या दिवशी पटण्यासारखेच असतात. मात्र आज पटलेला हिशोब उद्याही तितकाच पटतो, आणि असे शेकडो दिवस जोडले गेले की काम राहते ते राहतेच.

यावर पहिला आक्षेप सरळ येईल: हा चालढकलीचा नव्हे, पैशाचा प्रश्न आहे. जुलैत शेतकऱ्याचा हात रिकामा असतो, तो कसला विमा भरणार? आक्षेपात बरेच तथ्य आहे, पण तो पुरा पडत नाही. राज्यात 2023च्या खरिपापासून दोन वर्षे पीकविमा 1 रुपयात मिळत होता, आणि अर्जामागे 40 रुपये विमा कंपनी सीएससी केंद्राला देत असे. पैशाची अडचण जवळजवळ नाहीशी झाली, तरी शेवटच्या दिवसांत केंद्रांवर रांगा लागल्या, सर्व्हर बसला आणि मुदत वाढवावी लागली. 2025च्या खरिपापासून अन्नधान्य आणि गळीत पिकांना पुन्हा विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत हप्ता सुरू झाला आहे. पैशाच्या ओढाताणीचा खरा परिणाम थोडा वेगळा होतो. तामिळनाडूतल्या 54 गावांतील 464 ऊस उत्पादकांच्या आकलनाच्या चाचण्या संशोधकांनी घेतल्या आणि 2013 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोडणीपूर्वी, हातात पैसा नसताना, त्याच शेतकऱ्यांचे गुण तोडणीनंतरच्या गुणांपेक्षा स्पष्टपणे कमी आले. देण्याची काळजी मनाची जागा व्यापते आणि दूरच्या कामांना जागाच उरत नाही. म्हणून टंचाईच्या दिवसांत कुणी कागदपत्रे पुढे ढकलली, तर त्याला बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे. मुदती अशा दिवसांत ठेवणाऱ्या आणि मग त्या दरवेळी वाढवणाऱ्या यंत्रणेकडेही दोष जातो, कारण मुदत वाढतेच हे एकदा कळले की वेळेत येणाराच वेडा ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेतीत थांबणे हेच पुष्कळदा शहाणपण असते. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दरवर्षी बजावते, की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई नको. घाई केलेल्याला दुबार पेरणी पदरात घ्यावी लागते. मग थांबणे आणि चालढकल यांत फरक कसा करायचा? माझ्या मते सारा विषय या प्रश्नाभोवती फिरतो, आणि त्याचे उत्तर त्या सल्ल्यातच आहे. थांबणाऱ्याला कशासाठी थांबलो आहोत हे ठाऊक असते: इतका पाऊस झाला, की पेरायचे. चालढकल करणारा कोणत्याच अटीसाठी थांबलेला नसतो. ‘बघू’, ‘जरा मोकळा झालो की करू’ यांत अट नाही, कारण मोकळे झालो हे ओळखायची खूण नाही. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने अनेक प्रयोगांतून दाखवले आहे, की ‘मी हे करणार’ एवढ्या निश्चयापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करणार’ असे ठरवणाऱ्या लोकांनी काम पुरे करण्याची शक्यता बरीच जास्त असते. पेरणीच्या बाबतीत आपला शेतकरी हेच पिढ्यानपिढ्या करत आला आहे. बाकीच्या कामांना तशी खूण लावलेली नाही, इतकेच. ‘जुलैच्या पहिल्या बाजाराला पालमला गेलो, की किराणा घेण्याआधी सीएससीत सातबारा, आधार आणि पासबुक द्यायचे’ हे वाक्य ‘यंदा विमा वेळेत भरू’पेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे. सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला ठरते आणि तो व्यवहार सहसा कुणाच्या नजरेतून सुटत नाही. त्याला दिवस आहे आणि समोर दुसरा माणूस आहे.

बिनअटीच्या थांबण्याची किंमत कापसाने दाखवून दिली. 2017च्या हंगामात मराठवाडा आणि विदर्भात गुलाबी बोंडअळीने हाहाकार केला. ही अळी बोंडात शिरली की तिचे छिद्र बुजते; वरून बोंड हिरवेगार दिसते आणि आत सरकी पोखरली जाते. म्हणूनच पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी हेक्टरी 5 कामगंध सापळे लावायला सांगतात आणि पाकळ्या मिटून राहिलेली डोमकळी दिसली की तोडून नष्ट करायला सांगतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, की उपाय सुरू करायचा. येथेही अट स्पष्ट आहे, पण सापळाच लावला नाही तर अट पुरी झाली हे कळणार कसे? पीक टवटवीत दिसत असताना सापळ्यासाठी रानात हिंडायचा कंटाळा येतो, आणि डोळ्यांना अळी दिसते तेव्हा फवारणीच्या हाती फारसे काही उरलेले नसते. फरदडीचेही, म्हणजे हंगाम संपूनही कापूस उभा ठेवण्याचेही, तसेच. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची हे माहीत असते, पण अजून एक वेचणी निघेल असे दर आठवड्याला वाटत राहते. ती वेचणी खरोखर निघते आणि तिचे पैसेही येतात. पुढच्या खरिपातली अळी मात्र त्याच उभ्या पऱ्हाटीत पोसली जाते, आणि ती शेजाऱ्याच्या रानातही जाते.

काही जण म्हणतील, की हे सारे मान्य, पण शेवटी मनाला शिस्तच लावली पाहिजे, स्वतःला फटकारले पाहिजे. पुरावा उलट दिशेने बोलतो. चालढकलीचा अभ्यास करणाऱ्या फ्युशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल यांचे म्हणणे असे, की माणूस कामापासून नव्हे, कामाशी जोडलेल्या वाईट भावनेपासून पळतो. राहून गेलेल्या कामाची जितकी लाज, तितके ते पुन्हा हाती घेणे अवघड. पिचिल आणि सहकाऱ्यांनी 2010 साली विद्यार्थ्यांवरील अभ्यासात पाहिले, की पहिल्या परीक्षेला केलेली टाळाटाळ ज्यांनी स्वतःला माफ केली, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी टाळाटाळ केली. गंगाखेड-परभणीच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांना ज्या घरांतून रोज टोमणे मिळतात, त्या घरांनी हे ध्यानात घ्यावे. मुलगा ‘किती वेळ वाया घालवलास’ हे ऐकून पुस्तकाकडे वळत नाही, मोबाइलकडे वळतो.

आता उपायाची वेळ. पश्चिम केनियात एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी मका पिकवणाऱ्यांचा अभ्यास केला. तो 2011 साली प्रसिद्ध झाला. पुढच्या हंगामात खत वापरणार असे जवळजवळ प्रत्येक जण सांगत होता, प्रत्यक्षात निम्म्यांनीही वापरले नाही, कारण पेरणीपर्यंत पैसा सरलेला असे. मग संशोधकांनी सुगीनंतर लगेच, हातात पैसा असताना, खत आगाऊ विकत घ्यायची सोय केली आणि ते घरपोच फुकट पोचवले. खतात पैशाची सूट नसतानाही याचा परिणाम ऐन खताच्या वेळी दिलेल्या 50 टक्के सवलतीइतका झाला. पालमची सुगी म्हणजे दिवाळीच्या सुमाराचे दिवस. सोयाबीन विकून झालेले असते, कापसाची वेचणी सुरू असते, मनावरचा ताण वर्षातला सर्वांत कमी असतो. पुढच्या खरिपाचे जे-जे दूरचे, ते तेव्हाच बांधून टाकता येते. मातीचा नमुना घ्यायला तर सोयाबीन निघालेले रान हवेच. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या बाजूची माती खरवडायची, सारी एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. कापडी पिशवीत माती, सोबत नाव आणि गट नंबर. खताच्या पोत्यांवर दरसाल अंदाजाने खर्च होणारा पैसा पाहता हा एका सकाळचा उद्योग आहे. पाच शेजाऱ्यांनी भाऊबीजेनंतरची एक सकाळ ठरवून पिशव्या एकाच मोटारसायकलवर सहायक कृषी अधिकाऱ्याकडे किंवा परभणीच्या प्रयोगशाळेत पाठवल्या, तर त्या कामाला दिवस मिळतो आणि विचारणारी चार माणसेही मिळतात. घरच्या सोयाबीनच्या बियाण्याची तपासणी याच पाच घरांनी गुढीपाडव्याला बांधून घ्यावी: ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्याच्या आत मोजायचे. 70 किंवा जास्त उगवले तर ते बियाणे ठेवायचे, कमी उगवले तर दुसऱ्याच्या शोधाला पेरणीपर्यंत दोन-अडीच महिने हाताशी असतात.