परभाषावाचनाची परीक्षा

पीएच्. डी. पदवीच्या उमेदवारानें स्वतःच्या विषयाखेरीज एकदोन परक्या भाषांची परीक्षा द्यावी, हा अमेरिकन विद्यापीठांतील जुना प्रघात आपल्याकडे फारसा ठाऊक नाहीं. व ज्यांस ठाऊक आहे तेहि बहुधा तो एक निरर्थक अडथळा समजतात. म्हणून या परीक्षेचें स्वरूप व प्रयोजन येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

अमेरिकेंत ही पदवी प्रथम येल विद्यापीठानें १८६१ सालीं दिली. तत्पूर्वीं, व नंतरहि कित्येक वर्षें, तेथील होतकरू पंडित उच्च अध्ययनासाठीं जर्मनीस जात. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ १८७६ सालीं उघडलें तेंहि जर्मन धर्तीवरच. त्या काळीं अनेक शास्त्रांचीं मुख्य साधनें जर्मन व फ्रेंच भाषांत असल्यामुळें या दोन भाषा वाचतां येणें ही पदवीची सर्वसाधारण अट होऊन बसली. अट वाचण्यापुरती, बोलण्याची नव्हे. उमेदवारापुढें एक उतारा ठेवावयाचा, बहुधा कोश जवळ बाळगूं द्यावयाचा, आणि ठराविक वेळांत त्याचें इंग्रजी भाषांतर करून घ्यावयाचें, अशी ही परीक्षा.

कोश हाताशीं असतां परीक्षा ती कसली, असें कोणी म्हणेल. आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें होतें. पन्नाशी उलटल्यावर आम्ही जर्मन शिकूं लागलों तेव्हां तो भ्रम गेला. 'फांगेन' या जर्मन धातूचा अर्थ पकडणें. त्यास 'आन' हा उपसर्ग लागला कीं अर्थ होतो आरंभ करणें. परंतु मुख्य वाक्यांत हा उपसर्ग धातूपासून तुटून पार शेवटीं जाऊन बसतो. मध्यें दोन ओळी असल्या व वाचकाची दृष्टि तेथवर पोंचली नाहीं, तर ग्रंथकार आरंभ करीत असतां भाषांतरकार त्याच्याकडून कोणास तरी पकडवितो. कोश येथें काय करील? कोणता शब्द शोधावयाचा हेंच व्याकरणावांचून कळत नाहीं. (वेदांतहि उपसर्ग धातूपासून दूर राहतात व पाणिनीनें त्याची सोय लावून ठेविली आहे; तेव्हां आमच्या संस्कृतज्ञ बंधूंनीं येथें बिचकूं नये.) ओळखीच्या चेहऱ्याचे शब्दहि असेच फसवितात. 'गिफ्ट' म्हणजे इंग्रजींत देणगी, जर्मन भाषेंत विष!

संस्कृताच्या अभ्यासकास जर्मन टाळतां येत नाहीं. बोटलिंक व रोट यांचा सात खंडांचा संस्कृत कोश १८५५ ते १८७५ या काळांत सेंट पीटर्सबर्ग येथें छापला गेला. त्यांतील अर्थ जर्मन भाषेंत आहेत. गेल्डनर यांचें ऋग्वेदाचें भाषांतर १९५१ सालीं खुद्द अमेरिकेंतील हार्वर्डच्या ग्रंथमालेंत निघालें, तेंहि जर्मनच. जेमिसन व ब्रेरेटन यांचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर येण्यास २०१४ साल उजाडलें.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही अट पुष्कळ ठिकाणीं सैल झाली. दोहोंची एक भाषा झाली, कांहीं विषयांत तीहि गेली. गणितासारख्या विषयांत नवें लेखन बहुतेक इंग्रजींत होतें, तेथें याबद्दल आमची तक्रार नाहीं. इतिहासाची गोष्ट वेगळी. कॉस्मे दा ग्वार्दा याचें शिवचरित्र १७३० सालीं लिस्बन येथें पोर्तुगीज भाषेंत छापलें गेलें. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं गोव्याचें पोर्तुगीज दप्तर मुळांतून वाचलें म्हणूनच मराठे-पोर्तुगीज संबंधांवर एवढा प्रकाश पडला.

मध्यंतरीं एक तरुण अभ्यासक सतराव्या शतकावरील आपला प्रबंध दाखविण्यास आमच्याकडे आला. एका पोर्तुगीज पत्राच्या इंग्रजी भाषांतरावरून त्यानें 'हिंदुस्थानचें राज्य' असा शब्द घेतला होता व पोर्तुगीज सर्व देशावर हक्क सांगत होते, असें त्यावर मोठें अनुमान उभारलें होतें. मूळ शब्द 'एस्तादु दा इंदिया'. त्या काळीं त्याचा अर्थ मोझांबिकपासून मकावपर्यंत पसरलेला, गोव्याहून चालणारा पोर्तुगीजांचा कारभार. "गुरुजी, हें मला कोणत्याहि परीक्षकानें विचारलें नसतें," तो म्हणाला. तें खरें होतें, आणि आम्हांस त्याचाच खेद झाला. परीक्षा घ्यावयाचीच तर उतारा असल्या दप्तरांतून, उमेदवाराच्या स्वतःच्या विषयांतून काढावा. वर्तमानपत्री मजकुराचें भाषांतर करवून या कामीं कांहीं कळत नाहीं.

तें प्रकरण पुन्हां लिहिण्यासाठीं त्यानें प्रबंध परत नेला आहे.