सिलिॲक आजार : मटणात ग्लुटेन नाही, मग रश्श्यात कुठून येते?

सिलिॲक आजाराचे निदान झाले की ‘पोळी बंद’ हे घरच्यांना लगेच समजते. बीड जिल्ह्यात ज्वारी-बाजरीची भाकरी घरोघरी होतेच, त्यामुळे हा बदल तसा जमतो. अडचण येते ती मटण-चिकनच्या बाबतीत. रुग्णाला मांस चालते का? चालते. मात्र ताटात येईपर्यंत त्यात काय मिसळले जाते, हे पाहावे लागते.

थोडेसेही का चालत नाही?

ग्लुटेन हे गहू आणि जव (बार्ली) यांतले प्रथिन आहे. सिलिॲक आजारात ते पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या आतल्या अस्तरालाच इजा करते. मग लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत. मुलाचे वजन-उंची वाढत नाही, गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, हाडे कमकुवत होतात. शिजवल्याने किंवा तळल्याने ग्लुटेन नष्ट होत नाही. पोट दुखले नाही म्हणजे इजा झाली नाही, असेही नाही.

काय निर्धास्त खावे?

ताजे मटण, चिकन, मासे, अंडी, काळीज यांत ग्लुटेन नसते. मटण आणि काळजातून चांगले लोहही मिळते. मांस दुकानातून ताजे कापून घ्या. काही दुकानांत मसाला लावलेले तयार चिकनही विकायला असते. तिथे आधी पाटी आणि सुरी धुवायला सांगा.

रश्श्यात लपलेला गहू

येसूर : आपल्याकडे रस्सा दाट व्हावा म्हणून येसूर घालतात. त्यात डाळी-मसाल्यांबरोबर बहुधा भाजलेला गहूही दळलेला असतो. घरच्या येसुरात काय आहे ते विचारा. रुग्णासाठी गहू न घालता वेगळा करा.

हिंग : बाजारातल्या डबीतल्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. डबीवरचे घटक वाचा. खात्री नसेल तर हिंग वगळा.

तयार मसाले : सुटे मसाले टाळा. मिरची, धने, खोबरे घरी भाजून वाटा. दाटपणासाठी भाजलेला कांदा, सुके खोबरे, तीळ, शेंगदाणे पुरेसे होतात.

हॅम, सॉसेज, नगेट्स, कबाब

हॅम म्हणजे मिठात मुरवलेले डुकराचे मांस. मूळ हॅममध्ये ग्लुटेन नसते. पण पाकिटातल्या हॅम, सॉसेज, सलामीत स्टार्च, सोया सॉस किंवा इतर भर असू शकते. साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो. नगेट्स आणि कटलेटवर ब्रेडचा चुरा असतो. हातगाडीवरच्या चिकन ६५ ला मैदा लावलेला असू शकतो आणि कढईतले तेलही तेच असते.

पाकीट घेताना गहू, मैदा, रवा, बार्ली, माल्ट हे शब्द शोधा. भारतातील नियमानुसार ग्लुटेन असलेल्या धान्याचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचे असेल तर १ किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. ‘मैदा नाही’ म्हणजे ‘ग्लुटेन नाही’ असे नव्हे. सुट्या, लेबल नसलेल्या मालाची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

सोबतची भाकरी

गिरणीत गव्हानंतर लगेच ज्वारी दळली तर पिठात गहू मिसळतो. शक्य असेल तर घरघंटीवर फक्त रुग्णाचे धान्य दळा. पोळीचा तवा, परात, पोळपाट वेगळे ठेवा. भाकरी थापताना गव्हाचे पीठ लावू नका.

कंदुरी, लग्न, रमजान

कंदुरीच्या रश्श्यात काय घातले आहे, हे वाढणाऱ्याला बहुधा माहीत नसते. हलीममध्ये तर गहू असतोच. अशा दिवशी रुग्णाचा डबा घरून न्या. मूल असेल तर तो डबा इतरांच्या जेवणासारखाच, म्हणजे मटण-भाकरीचाच ठेवा. वेगळेपण जाणवले की मुले चोरून खातात. जेवण घरीच असेल तर त्याच्या वाट्याचा रस्सा येसूर घालण्याआधी स्वच्छ पळीने काढून ठेवा.

निदान झालेच नसेल तर?

नुसत्या शंकेवरून गहू बंद करू नका. टीटीजी-आयजीए ही रक्त तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, या दोन्ही तपासण्या गहू खाणे चालू असतानाच कराव्या लागतात. आधी गहू सोडला तर अहवाल चुकून ‘नॉर्मल’ येऊ शकतो. जवळच्या डॉक्टरांना भेटा. पुढील तपासणीसाठी अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरमधील पोटविकार तज्ज्ञ यांचा सल्ला घेता येईल.

निदान पक्के झाले की हे पथ्य आयुष्यभराचे असते. ते नेटाने पाळले तर आतडे भरून येते, हिमोग्लोबिन सुधारते आणि मुलाची वाढ पुन्हा सुरू होते.