घरचें सुतारयंत्र आणि त्याचा सरळपणा

गेल्या श्रावणांतील एका दुपारीं आमच्या नंदुरबारच्या घराच्या पडवींत जें घडलें, त्यामुळें हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला. आमचा नातू सागवानाची एक अरुंद पट्टी यंत्रावर फाडीत होता. एकाएकीं करकर आवाज झाला, पट्टी पात्यांत अडकली आणि बाणासारखी उलट सुटून मागच्या भिंतीवर आदळली. गिलाव्याला बोटभर खोल खळगा पडला. ज्या खुर्चीवर बसून आम्ही रोज वर्तमानपत्र वाचतों, ती त्या खळग्याच्या बरोबर खालीं असते. दैवयोगानें त्या वेळीं आम्ही देवघरांत होतों. नातवाच्या बोटाला खरचटलें, इतक्यावर निभावलें.

सायंकाळीं घरांत सभा भरली. "हें धूड उद्यांच्या उद्यां विकून टाका," असा सौभाग्यवतींचा व सूनबाईंचा एकमुखी ठराव झाला. त्यांचें म्हणणें अन्यायाचें नव्हतें. नातू मान खालीं घालून बसला होता. आम्हीं खंडेनवमीपर्यंतची मुदत मागितली व ती मोठ्या कष्टानें मिळाली.

आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झाला. पण सातपुड्याचें व सागवानाचें आमचें नातें त्याहून पुष्कळ जुनें आहे. जुन्या घरांतून सागाचीं दारें, पाट, पलंग अजून आहेत आणि त्यांची डागडुजी नेहमीं निघते. एवढ्याशा कामाला मिस्त्री मिळणें कठीण. म्हणून थोरल्या चिरंजीवांनीं हें बहुउपयोगी यंत्र आणलें. एकाच आंसावर मधोमध रंध्याचा पात्यांचा रूळ, एका टोंकाला गोल करवत, दुसऱ्या टोंकाला भोंक पाडण्याचें गिरमिट. खालीं मोटार व पट्टा. पुढें चिरंजीवांची बदली झाली. यंत्र दोन पावसाळे ताडपत्रीखालीं पडून राहिलें. नंतर बटण दाबल्यावर तें फिरलें, म्हणून तें चांगलें आहे असें आम्हीं मानलें. शाळेंत जन्मभर समांतर रेषांची व्याख्या शिकविली, पण घरांतील यंत्राच्या दोन समांतर रेषा कधीं मोजून पाहिल्या नाहींत. दोष यंत्राचा नव्हता, नातवाचाही नव्हता, आमचा होता.

गल्लींतील एका वृद्ध मिस्त्रींना बोलावलें. ते म्हणाले, "गुरुजी, यंत्रावरच्या आंकड्यांवर विश्वास ठेवूं नका. आंकडे पट्टीवर छापलेले असतात, पट्टी सरकलेली असते." त्यांनीं जो क्रम दाखविला, तो वाचकांच्या उपयोगासाठीं येथें देतों.

प्रथम विजेची पिन काढून ती आपल्या नजरेसमोर ठेवावी. नुसतें बटण बंद करून पात्याजवळ हात नेऊं नये. मग यंत्राचे चारही पाय जमिनीला नीट टेकले आहेत कीं नाहीं, हें पाहून पाणसळ लावावी. डुगडुगणाऱ्या यंत्रावरचें कोणतेंही माप टिकत नाहीं.

नंतर गुण्याची परीक्षा. सरळ कडेच्या फळीला गुण्या लावून एक रेघ ओढावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूंतून दुसरी ओढावी. दोन्ही रेघा एक झाल्या तर गुण्या खरा. फांकल्या तर त्याचा दोष दुप्पट होऊन दिसतो. यज्ञवेदी आंखतांना तीन, चार, पांच या मापांच्या दोरीनें काटकोन काढण्याची रीत शुल्बसूत्रकारांना ठाऊक होती. आमचा गुण्या दोषी निघाला! त्याच गुण्यानें आम्ही वर्षभर मापें घेत होतों.

तिसरें काम करवतीचें. टेबलावर लांबट खांच असते, ती सर्व मापांचा पाया. पात्याच्या एका दात्याला खडूची खूण करावी आणि खांचेपासून त्या दात्याचें अंतर पुढच्या बाजूस मोजावें. मग पातें हातानें फिरवून तोच दाता मागें आणावा व पुन्हां मोजावें. दाता तोच हवा, कारण पातें किंचित् वांकडें असलें तरी त्यामुळें मापांत फरक पडत नाहीं. अंतरें सारखीं नसल्यास टेबलाचे बोल्ट सैल करून टेबल सरकवावें व पुन्हां आवळावें. आमच्या यंत्रांत दीड मिलिमीटरचा फरक होता. वहीच्या कागदाची जाडी सुमारें एक दशांश मिलिमीटर असते. तेवढ्या फरकापर्यंत येईतों आम्हां दोघांचे तीन तास गेले.

आतां गाईडकडे वळूं. जिला टेकवून फळी पुढें सारतात, ती ही लोखंडी पट्टी. ती खांचेला समांतर असावी. मागच्या टोंकाला कागदाच्या जाडीएवढी बाहेर असली तर चालेल, पण आंत झुकलेली कदापि नसावी. आंत झुकली कीं फळी गाईड व पातें यांच्यामध्यें दाबली जाते, पात्याचे मागचे वर येणारे दाते ती उचलतात आणि चालविणाराच्या अंगावर भिरकावतात. आमच्या भिंतीवरील खळग्याचें मूळ हेंच. पात्यामागें चीर उघडी ठेवणारी एक पोलादी पट्टी असते. ती अडचण होते म्हणून आम्हीं काढून ठेवली होती. ती पुन्हां बसविली. शिवाय अरुंद लांकूड हातानें न सारतां काठीनें सारावें, आणि आपण पात्याच्या रेषेंत उभें न राहतां बाजूला राहावें.

रंध्याचें मागचें टेबल पात्यांच्या सर्वांत उंच बिंदूशीं समपातळींत हवें. तें खालीं असेल तर फळीच्या शेवटीं खळगा पडतो. वर असेल तर फळी त्याच्या कडेला अडते. मागच्या टेबलावर सरळ लांकडी पट्टी ठेवून रूळ हातानें हळूहळू फिरवावा. प्रत्येक पात्यानें दोन्ही टोंकांना ती पट्टी सारखीच ओढली पाहिजे. पुढचें टेबल जितका थर काढावयाचा तितकेंच खालीं ठेवावें. पात्यांचे स्क्रू एकदां आवळल्यावर दुसऱ्यांदा तपासावे आणि रूळ हातानें पूर्ण फिरवून मगच वीज जोडावी. सैल पातें म्हणजे साक्षात् यमदूत.

पट्ट्याच्या दोन्ही चाकांच्या तोंडांवर दोरा ताणून धरावा. तो दोन्हींना सारखा टेकला तर चाकें एका रेषेंत आहेत. बंद बेअरिंगांना वरून तेल घालूं नये. तेलावर भुसा बसतो. तो भुसा दमट हवा शोषून लोखंडाला गंज आणतो, म्हणून काम संपतांच झाडून काढावा. गंज घांसून काढल्यावर टेबलाला मेणाचा हलका हात द्यावा. सागाच्या लांकडांत वाळूच्या जातीचा अंश असल्यामुळें पात्याची धार लवकर बोथटते. बोथट पातें जोर मागतें आणि जोर लावला कीं हात घसरतो. लांकडाची भुकटी कर्करोगकारक आहे, असें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ मध्यें नोंदविलें आहे. तेव्हां नाकातोंडाला मुखपट्टी हवीच. मात्र हातमोजे, उपरणें, सैल बाही यांना यंत्राजवळ मज्जाव असावा.

शेवटीं परीक्षा. एक फळी उभी कापावी, एक तुकडा पालथा करून दोन्ही कापलेल्या कडा जोडाव्या व उजेडाकडे धराव्या. उजेडाची फट दिसली तर पातें काटकोनांत नाहीं. आमच्या पहिल्या चार फळ्यांत फट होती. पांचवींत ती नाहींशी झाली, तेव्हां नातवानें उजेडाकडे पाहत "आजोबा, कांहींच दिसत नाहीं!" अशी जी आरोळी ठोकली, ती ऐकून स्वयंपाकघरांतून सर्व मंडळी बाहेर आली.

खंडेनवमीला यंत्राला फुलें वाहिलीं. मग सूनबाईंनीं आपली अट सांगितली: तपासणीची वही त्यांच्याजवळ राहील, दर महिन्याला गुण्या त्या स्वतः धरतील, आणि वहींत सही झाल्याखेरीज पिन लागणार नाहीं. ठराव बिनविरोध मंजूर झाला. दसऱ्यानंतर नातवानें आजीसाठीं सागाचा पाट केला. तो डुगडुगत नाहीं.

भिंतीवरचा खळगा मात्र आम्हीं बुजविला नाहीं, आणि खुर्ची तेथून हलविली आहे. ज्यांच्या घरीं असें यंत्र आहे, त्यांना आमची एवढीच विनंति: यंत्र फिरतें म्हणून तें चांगलें आहे असें समजूं नका. तें सरळ आहे कीं नाहीं हें आपल्या हातानें मोजा. कारण त्याच्यासमोर उद्यां आपल्याच घरचें मूल उभें राहणार आहे.