इंग्रजी येतं, पण दाखला कुठला?

युरोपातल्या वैमानिकाच्या परवान्यावर उड्डाणाच्या मुभांच्या जोडीला भाषेचीही एक नोंद असते: इंग्रजी, पातळी चार, अमुक तारखेपर्यंत वैध. हजारो तासांचं उड्डाण गाठीशी असलं, तरी या नोंदीची मुदत टळली की परदेशी मार्गावर जाता येत नाही. ही नोंद परवान्यावर यायला बरीच माणसं मरावी लागली. ती आल्यावर एका देशातली परीक्षा शेजारच्या देशाने मानायची की नाही, याचा घोळ पुढे वर्षानुवर्षं चालला.

१० सप्टेंबर १९७६ रोजी झाग्रेबच्या आकाशात लंडनहून इस्तंबूलला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं ट्रायडेंट आणि स्प्लिटहून कोलोनला चाललेलं इनेक्स-आद्रियाचं डीसी-९ एकमेकांवर आदळलं. दोन्ही विमानांतले सगळे १७६ जण गेले. धोका लक्षात आल्यावर नियंत्रकाने डीसी-९च्या वैमानिकांना शेवटच्या क्षणी सूचना दिल्या त्या त्यांच्या मायबोलीत. ट्रायडेंटच्या कॉकपिटमध्ये त्या ऐकू गेल्या असत्या, तरी कळल्या नसत्या.

पॅरिसने हा धडा चोवीस वर्षांनी गिरवला. २००० सालच्या वसंतात एअर फ्रान्सने शार्ल द गॉल विमानतळावर आपल्या वैमानिकांनी फक्त इंग्रजीत बोलावं, असं फर्मान काढलं. वैमानिक खवळले, आणि काही आठवड्यांतच ते गुंडाळावं लागलं. त्याच वर्षी २५ मेच्या रात्री, त्याच विमानतळावर एअर लिबर्तेच्या विमानाला उड्डाणाची परवानगी फ्रेंचमध्ये मिळाली. मालवाहू शॉर्ट्स ३३०शी मात्र नियंत्रक इंग्रजीत बोलत होता. शॉर्ट्स धावपट्टीवर शिरलं तेव्हा दुसरं विमान भरधाव येत आहे, याचा त्यातल्या वैमानिकांना पत्ता नव्हता. एअर लिबर्तेच्या पंखाने कॉकपिट कापलं आणि सहवैमानिक ठार झाला.

तोपर्यंत जागतिक पातळीवर चक्रं फिरू लागली होती, आणि त्यांना खरा धक्का दिला होता तो भारतातल्या अपघाताने. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियन एअरलाइन्सचं जम्बो आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ यांची टक्कर झाली. कझाक विमानाने १५ हजार फुटांवर थांबायचं होतं, ते आणखी खाली उतरलं. इंग्रजीतलं संभाषण रेडिओ ऑपरेटर सांभाळत होता आणि वैमानिक त्याच्यावर विसंबून होते. ३४९ माणसं मेली. १९९८ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, महासभेने भाषेचा प्रश्न हाती घेतला आणि २००३ साली नियम आले.

नियमात सहा पातळ्या आहेत आणि चौथी किमान. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा अंगांनी उमेदवार तपासला जातो. गंमत अशी, की सरासरी काढत नाहीत. सर्वांत कमी पातळी हीच अंतिम. पाच अंगांत सहावी पातळी आणि उच्चारात तिसरी, तर वैमानिक नापास. ५ मार्च २००८ ही मुदत ठरली होती. पण कित्येक देशांची तयारीच नव्हती, म्हणून ती तीन वर्षं पुढे ढकलली गेली.

आयकाओने मोजपट्टी दिली, प्रश्नपत्रिका दिली नाही. मग परीक्षांचं पेवच फुटलं. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या मेफ्लॉवर कॉलेजची ‘टी’ ही परीक्षा म्हणजे साधारण अर्ध्या तासाची मुलाखत. आधी उमेदवार आपल्या कामाविषयी बोलतो, मग ध्वनिमुद्रित प्रसंग ऐकून काय झालं ते सांगतो, शेवटी छायाचित्रांवर चर्चा. युरोकंट्रोलची ‘एल्पॅक’ मुळात नियंत्रकांसाठी बेतलेली. तिचे ऐकण्याचा आणि बोलण्याचा असे दोन भाग. ही झाली नाव असलेल्या परीक्षांची गोष्ट. बाकीच्यांचं काय? लँकेस्टर विद्यापीठातले भाषा-परीक्षणाचे अभ्यासक चार्ल्स अल्डरसन यांनी २००८-०९च्या सुमारास बाजारातल्या परीक्षा तपासल्या आणि त्यांतल्या अनेकांवर भरवसा ठेवावा असा पुरावाच नसल्याचा निष्कर्ष काढला.

युरोपीय संघाने २०११ साली वैमानिकांच्या परवान्यांचा सामाईक नियम केला. एका सदस्य देशाचा परवाना सगळीकडे चालू लागला. भाषेची परीक्षा कशी घ्यायची हे ठरवणं मात्र राष्ट्रीय प्राधिकरणाच्या हाती राहिलं. परिणाम असा, की नोंद एकदा परवान्यावर चढली की ती संघभर चाले. हातात नुसतं प्रमाणपत्र असेल, तर आधी ते आपल्या देशाच्या मान्यताप्राप्त केंद्रांच्या यादीत बसतं का, हे पाहावं लागे. ब्रिटनमध्ये अस्खलित बोलणाऱ्याला सहावी पातळी उड्डाण-परीक्षकच देऊ शके, त्याहून कमी असेल तर भाषा-केंद्राची वाट. फ्रान्समध्ये तर काही छोट्या विमानतळांच्या नकाशांवर आजही ‘फक्त फ्रेंच’ अशी सूचना असते. तिथल्या हौशी वैमानिकाचं इंग्रजीवाचून अडत नाही. मुदतीचंही तसंच: आयकाओची शिफारस चौथ्या पातळीची फेरतपासणी तीन वर्षांनी करावी अशी, युरोपने चार वर्षं दिली. पुढे नियम सुधारताना कोणत्याही सदस्य देशाच्या प्राधिकरणाची पद्धत ग्राह्य धरण्याची वाट मोकळी झाली, आणि यादीचा जाच कमी झाला.

तेवढ्यात ब्रेक्झिट आलं. ३१ डिसेंबर २०२०नंतर ब्रिटिश परवाना संघाच्या लेखी तिसऱ्या देशाचा ठरला. सावध वैमानिकांनी आधीच आपली फाइल आयर्लंड किंवा ऑस्ट्रियाच्या प्राधिकरणाकडे हलवली. मागे राहिलेल्यांवर युरोपचा परवाना हवा असेल तर लेखी पेपर पुन्हा देण्याची वेळ आली. ज्यांना दोन्हीकडे उडायचं आहे, ते आता दोन परवाने बाळगतात. दोन वैद्यकीय दाखले, भाषेच्या दोन नोंदी, आणि दोन कार्यालयांत वेगवेगळं शुल्क.