'काही नाही' या शब्दांमागे

दुकान वाढवून वडील रात्री घरी येतात. अकरावीतील मुलगा खोलीचे दार लावून पडलेला असतो. "काय झाले रे?" या प्रश्नाला "काही नाही" एवढेच उत्तर येते. "अभ्यासाचा ताण असेल," असे आई म्हणते आणि विषय तेथेच संपतो. अनेक घरांत नैराश्य प्रथम याच दोन शब्दांतून डोकावते. ओळख मात्र पटत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. तरीही मुले मौन पाळतात. त्यामागे हट्ट नसून हिशेब असतो. व्यापारी घरातील मूल जाणत्या वयापासून 'पत' हा शब्द ऐकते. आपल्यामुळे बहिणीच्या स्थळाला बाधा येईल, पेढी सांभाळण्यास आपण दुबळे ठरू, अशी भीती त्याच्या मनात असते. "तुला कमी काय आहे?" या प्रश्नाला तर त्याच्याजवळ उत्तरच नसते, म्हणून तो स्वतःलाच अपराधी मानू लागतो.

या वयातील नैराश्य रडण्यातूनच दिसते असे नाही. चिडचिड, मित्रांपासून दुरावा, बिघडलेली झोप, घसरलेले गुण ही लक्षणे दोन आठवडे टिकली, तर दुर्लक्ष करू नये. उपवासाला मान असलेल्या घरात मंदावलेली भूकही कधी संयम समजली जाते.

मूल सारे एकदम सांगत नाही. "मला काही करावेसेच वाटत नाही," असे एखादे वाक्य टाकून ते पाहते. त्यावर उपदेश किंवा चुलतभावाशी तुलना झाली, की पुढचे वाक्य येत नाही. "असे कधीपासून वाटते?" एवढे विचारून थांबावे. समोरासमोर बसण्यापेक्षा गाडीतून जाताना किंवा गोदामात माल लावताना बोलणे मुलांना सोपे जाते.

पुढची पायरी मानसोपचारतज्ज्ञाची. उपचारांची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला दिला आहे. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर शासनातर्फे अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. जीव नकोसा झाल्याचे मूल बोलले, तर मात्र क्षणाचाही विलंब नको. त्याला एकटे सोडू नये.

पत जपण्यासाठी पिढ्या खपल्या, हे खरे. पण ती ज्याच्यासाठी जपली, तो बंद दाराआड आहे. आज रात्री "काही नाही" ऐकून वडिलांनी परत फिरू नये. घटकाभर तेथेच बसावे.