जीवशास्त्राच्या पदवीचा हिशोब

कामगाराची मुलगी जीवशास्त्राची पदवी घेते म्हणाली, की घरात पहिला प्रश्न फीचा निघतो. आम्ही आधी तास विचारतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली आखलेल्या चौकटीप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक मिळवावे लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. एक श्रेयांक म्हणजे सत्रात व्याख्यानाचे १५ तास. प्रयोगशाळेत मात्र ३०. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या मुळातील पेशी दुभंगताना पाहण्याचे मोल निम्मे! असला दर आम्ही वाटाघाटीत मान्य केला नसता. परंतु हे तास चुकवून भागत नाही, आणि पाळीवर जाणाऱ्या मुलाचे घोडे नेमके येथेच अडते. व्याख्यानाची वही मित्राकडून उतरवून घेता येते. प्रयोगाला हात स्वतःचाच लागतो.

आणि घरची मिळकत मध्येच थांबली तर? पहिल्या वर्षाअखेर ४० श्रेयांक व सुटीतील ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. त्याला तीन वर्षांच्या आत परतता येते. पदवी मात्र एकंदर सात वर्षांत पुरी व्हावी लागते.